कंपनीचं की बाहेरचं?

लग्नसराईत कुठल्याही मंगल कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली की स्टेजभोवती फोटोवाल्यांची भिंत उभी राहते. मागच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना नवरानवरी दिसतच नाहीत. अक्षता टाकायच्या त्या अंदाजानं. यंदा वैतागण्याऐवजी या मंडळींच्या हातातलं सामान जरा निरखून बघा. बॉडीवर सोनी, कॅनन किंवा निकॉन असं ठसठशीत नाव असेल. पण लेन्सच्या कड्यावर पुष्कळदा टॅमरॉन किंवा सिग्मा लिहिलेलं आढळेल, आणि वरच्या फ्लॅशवर गोडॉक्स. म्हणजे काच एकाची, उजेड दुसऱ्याचा आणि मिरवणारं नाव तिसऱ्याचं.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्टुडिओवाल्यांच्या बोलण्यात लेन्सच्या दोनच जाती होत्या: कंपनीची आणि बाहेरची. बाहेरचीकडे नाक मुरडूनच पाहिलं जाई. ज्याला परवडत नाही त्यानं ती घ्यायची, असा मामला. खरं तर काच तेव्हाही फारशी वाईट नव्हती. अडचण होती ती काच आणि कॅमेरा यांच्यातल्या बोलण्याची. ते बोलणं आजही कुणाच्या मर्जीनं चालतं हे समजून न घेता जो बाहेरचं सामान घेतो, तो फसतो. आणि जो समजून घेतो, त्याचे निम्मे पैसे वाचतात.

ही ‘बाहेरची’ मंडळी काल उगवलेली नाहीत. टॅमरॉनची सुरुवात 1950 साली जपानमधल्या उरावा इथं ‘ताइसेई ऑप्टिकल’ या नावानं झाली. आजचं नाव उहियोए तामुरा या त्यांच्या प्रकाशशास्त्रातल्या जाणकाराच्या आडनावावरून आलं. सिग्मा 1961 साली मिचिहिरो यामाकी यांनी काढली. तिचा कारखाना आजही फुकुशिमा प्रांतातल्या आइझू भागात आहे. अमेरिकेतल्या व्हिव्हिटारचा तर स्वतःचा लेन्सचा कारखानाच नव्हता. आराखडा ठरवायचा, किरॉन, टोकिना, कोमिने अशा जपानी कारखान्यांकडून लेन्स बनवून घ्यायच्या आणि आपल्या नावानं विकायच्या, हा त्यांचा धंदा. फिल्मच्या काळात हे सोपं होतं. लेन्स मागं फिरवून बसवायची, एक खटका आणि एक दांडी जुळली की काम झालं. टॅमरॉननं तर मागचं कडंच बदलता येईल अशी ‘अ‍ॅडॅप्टॉल’ पद्धत आणली होती. लेन्स तीच, कडं बदललं की निकॉनला चालली, कडं बदललं की पेंटॅक्सला.

1987 साली कॅननने ईएफ माउंट आणला आणि ही सोय संपली. या माउंटात बॉडी आणि लेन्स यांना जोडणारी एकही यांत्रिक दांडी नव्हती. छिद्र किती बंद करायचं, फोकस किती फिरवायचा, सगळे हुकूम सोन्याचा मुलामा दिलेल्या बारक्या टोकांमधून विजेच्या संकेतांनी जाऊ लागले. या संकेतांची भाषा कॅननने जाहीर केली नाही. मग सिग्मा-टॅमरॉनच्या इंजिनिअरांनी काय केलं? बॉडी आणि कॅननची लेन्स यांच्यामध्ये उपकरणं जोडून दोघांचं संभाषण चोरून ऐकलं आणि तसंच बोलायला आपल्या लेन्सला शिकवलं. भिंतीला कान लावून शिकलेल्या भाषेत एक खोट राहतेच. घरातली माणसं उद्या नवा शब्द वापरायला लागली की बाहेरचा माणूस गोंधळतो.

तसंच झालं. फिल्मच्या काळातल्या सिग्माच्या कित्येक लेन्स कॅननच्या डिजिटल बॉडीवर चढवल्या की छिद्र पूर्ण उघडं असेपर्यंत नीट चालतात. फोकस होतो, फोटो येतो, घेणारा खूश होतो. छिद्र एफ 8 वर नेऊन बटण दाबलं की स्क्रीनवर ‘एरर 99’. लेन्स बिघडलेली नसते. नव्या बॉडीचा हुकूम तिला कळलेला नसतो, इतकंच. सिग्मानं काही काळ अशा लेन्समधली चिप बदलूनही दिली. पुढे जुन्या मॉडेलांचे सुटे भाग संपले आणि तो मार्ग बंद झाला. सेकंड हँड बाजारात अशा लेन्स अजून फिरतात. दुकानात लोक छिद्र उघडंच ठेवून दोन फोटो काढतात आणि पैसे देऊन मोकळे होतात.

निकॉनकडची गोम वेगळी. त्यांचा एफ माउंट 1959 चा, आणि जुन्या ऑटोफोकस लेन्स फिरवणारी मोटर लेन्समध्ये नसून बॉडीत असे. 2006 साली डी-40 आला तो या मोटरशिवाय. पुढे डी-3000 आणि डी-5000 या मालिकांतल्या सगळ्या स्वस्त बॉडी तशाच निघाल्या. आपल्याकडे नवशिक्यांनी घेतल्या त्या नेमक्या याच. त्यांच्यावर सिग्मा, टॅमरॉन किंवा टोकिनाची मोटर नसलेली जुनी लेन्स लावली की फोकस हातानं करायचा. विकणारा खोटं बोललेला नसतो. लेन्स ‘निकॉनला चालते’ हे खरंच असतं. 2013 साली डी-5300 आला तेव्हा तर सिग्मालाच ग्राहकांना कळवावं लागलं की त्यांच्या काही लेन्सची काही कामं या बॉडीवर नीट होत नाहीत. मग लेन्सचं फर्मवेअर सुधारून दिलं गेलं. 2016 च्या सुमाराला कॅननच्या नव्या बॉडींनी लेन्सचे दोष आतल्या आत दुरुस्त करायला सुरुवात केली. सिग्माची लेन्स लावली की कॅमेरा तिला भलतीच कॅननची लेन्स समजे, तिचे नसलेले दोष दुरुस्त करी आणि फोटोत गोलगोल वलयं उमटत. उपाय सोपा होता, मेनूत जाऊन ती दुरुस्ती बंद करायची. पण ते कळेपर्यंत कितीजणांनी लेन्सला शिव्या घातल्या असतील!

एवढं सगळं असूनही लोक या लेन्सकडे वळले, त्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे या कंपन्यांनी नक्कल सोडून स्वतःचं काहीतरी केलं. मिचिहिरो यामाकी 2012 च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव काझुतो यांच्या कारकिर्दीत सिग्माची ‘आर्ट’ मालिका सुरू झाली, आणि तिच्या पहिल्याच 35 मिमी एफ 1.4 लेन्सनं कॅनन-निकॉनच्या तोडीचं, काही बाबतीत त्यांच्या वरचढ काम कमी पैशांत दाखवलं. पुढच्या वर्षी 18-35 मिमीची झूम आली, सबंध पल्ल्यात एफ 1.8. डीएसएलआरसाठी असली झूम तोवर कुणीच केली नव्हती. ज्याला ती हवी होती त्याच्यापुढं ‘कंपनीची घ्यावी का’ हा प्रश्नच उरला नाही, कारण कंपनी ती बनवतच नव्हती.

दुसरं कारण बघायला ताडोबाला जावं लागेल. 2013 च्या अखेरीस टॅमरॉननं 150-600 मिमीची झूम जाहीर केली, त्यापाठोपाठ सिग्माच्या दोन आल्या. त्याआधी 600 मिमी म्हणजे दहा लाखांच्या घरातली, पावणेचार-चार किलो वजनाची कंपनीची पांढरी तोफ. ती एखाद्याच जिप्सीत दिसे. टॅमरॉनची ही झूम दोन किलोच्या आत आणि किमतीनं त्याच्या कितीतरी खाली. मोहर्लीच्या गेटवर किंवा भिगवणला रोहित पाहायला जाणाऱ्या होड्यांत शाळामास्तर, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर असे हौशी लोक काळ्या लांब लेन्स घेऊन दिसायला लागले ते तेव्हापासून. माझ्या मते मराठी माणसाच्या वन्यजीव-छायाचित्रणाला जेवढा हातभार या दोन-तीन लेन्सनी लावला, तेवढा कुठल्याही महागड्या बॉडीनं लावलेला नाही. त्यांचं उणंही सांगायला हवं. 600 मिमीला छिद्र एफ 6.3, म्हणजे दहा लाखांच्या घरातल्या त्या एफ 4 वाल्या लेन्सला जेवढा उजेड मिळतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. पहाटे सहाला बांबूच्या बनातून वाघ निघाला की आयएसओ भराभर वर चढतो आणि फोकस चाचपडतो. नऊच्या उन्हात हीच लेन्स लखलखीत फोटो देते. पण नऊच्या उन्हात वाघ सहसा निघत नाही.

डीएसएलआरच्या काळातली आणखी एक डोकेदुखी म्हणजे फोकस किंचित पुढं किंवा मागं पडणं. नवरीच्या डोळ्यांवर फोकस धरलाय आणि नथ खणखणीत, डोळे मऊ. कॅमेरा फोकस मोजायचा तो आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर, फोटो निघायचा दुसऱ्याच सेन्सरवर. या दोन वाटांतला केसभर फरक एफ 1.4 ला उघडा पडे. कंपनीच्या लेन्सनाही हा रोग होता. बाहेरच्यांना जरा जास्त. सिग्मानं त्यासाठी यूएसबी डॉक काढला, टॅमरॉननं टॅप-इन कन्सोल. लेन्स कॉम्प्युटरला जोडून फोकस स्वतः जुळवायचा. मिररलेस आले आणि फोकस थेट फोटोच्याच सेन्सरवर मोजला जाऊ लागला. हा रोग जवळजवळ संपला, आणि त्याबरोबर बाहेरच्या लेन्सविरुद्धची सगळ्यात खरी तक्रारही.

पण मिररलेसनं माउंट नवे आणले, आणि पुन्हा प्रश्न आला, भाषा कुणाची? इथं सोनीनं शहाणपण केलं. बाजारात नव्यानं उतरलेल्या सोनीकडे लेन्स कमी होत्या. 2011 साली त्यांनी ई माउंटची मूलभूत माहिती दुसऱ्या लेन्स बनवणाऱ्यांना विनामूल्य द्यायचं ठरवलं. आता चोरून ऐकायची गरज नव्हती. 2018 साली टॅमरॉनची 28-75 मिमी एफ 2.8 आली: वजन 550 ग्रॅम. सोनीची तेव्हाची 24-70 एफ 2.8 होती 886 ग्रॅमची, आणि किंमत कितीतरी जास्त. हळदीपासून पाठवणीपर्यंत बारा-चौदा तास कॅमेरा धरणाऱ्याच्या मनगटाला या तीनशे ग्रॅमचा अर्थ कळतो. लग्नाच्या धंद्यात सोनीच्या बॉडी एवढ्या का पसरल्या याची कारणं शोधताना या लेन्सचं नाव टाळता येणार नाही. अर्थात सोनीनं दार उघडलं ते पूर्ण नाही. त्यांचे वेगवान कॅमेरे स्वतःच्या लेन्सवर सेकंदाला वीस-तीस फोटो काढतात, बाहेरच्या लेन्सवर पंधरालाच थांबतात. मंगलाष्टकांना पंधरा पुरेसे आहेत. क्रिकेट काढणाऱ्यानं विचार करावा.

कॅनन उलट्या टोकाला. त्यांचा आरएफ माउंट 2018 चा. चीनच्या व्हिलट्रॉक्सनं त्यासाठी ऑटोफोकस लेन्स काढली, तर 2022 साली तिची विक्री थांबवावी लागली. कॅननचं म्हणणं, आमच्या बौद्धिक हक्कांचा भंग होतो. लोकांनी बराच गहजब केला. अखेर एप्रिल 2024 मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांनी कॅननच्या परवान्यानं आरएफ लेन्स जाहीर केल्या, पण त्या सगळ्या लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी. फुल फ्रेमची त्यात एकही नव्हती. कॅननवाल्यांना एक आडवाट आहे: ईएफचा अ‍ॅडॅप्टर लावून जुन्या सिग्मा-टॅमरॉन वापरायच्या. ती वाट चांगली आहे, फक्त लांबीला आणि वजनाला भर पडते.

निकॉननं मधला मार्ग धरला. 2022 पासून झेड माउंटसाठी परवाने दिले. गंमत पुढं आहे. निकॉनच्या स्वतःच्या नावानं निघालेली झेड 28-75 मिमी एफ 2.8 पाहा: 12 गटांत 15 काचा. टॅमरॉनच्या 2018 च्या त्या लेन्सचीही रचना तीच, 12 गटांत 15 काचा. निकॉननं याबद्दल जाहीर वाच्यता केली नसली तरी जाणकारांना सांगायला नको. शिवाय सोनी ही टॅमरॉनची मोठी भागधारक. तेव्हा ‘मी फक्त कंपनीचीच लेन्स वापरतो’ असं छाती फुगवून सांगणाऱ्याला एकदा त्याच्या लेन्सचा आतला आराखडा दाखवावा.

आता फ्लॅशकडे. इथं ‘बाहेरचं’ आधी धोक्याचं होतं, आज तेच चलनी नाणं आहे.

धोका होता व्होल्टेजचा. कित्येक जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर अजून व्हिव्हिटार 283 किंवा तसले दणकट फ्लॅश पडून असतील. फिल्म कॅमेऱ्यात फ्लॅश उडवायला धातूचे दोन तुकडे एकमेकांना टेकत. त्या सर्किटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट असले तरी बिघडत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात ते काम नाजूक इलेक्ट्रॉनिक स्विच करतो. आंतरराष्ट्रीय मानकात ही मर्यादा 24 व्होल्ट आहे, आणि कॅननच्या सुरुवातीच्या काही डिजिटल बॉडींसाठी अवघे सहा व्होल्ट सांगितले जात. जुना 283 तसल्या बॉडीवर चढवला तर पहिल्या फोटोत काही होणार नाही, दहाव्यालाही कदाचित नाही. एक दिवस हॉट शू (बॉडीवर फ्लॅश बसतो ती खाच) मेलेला असेल. मल्टिमीटर घ्या, फ्लॅश पूर्ण चार्ज होऊ द्या, खालचं मधलं टोक आणि कडेची पट्टी यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

त्या मधल्या टोकाचंच आणखी एक प्रकरण. हॉट शूच्या मध्यभागी असलेला हा संपर्कबिंदू म्हणजे सगळ्या कंपन्यांतला एकमेव सामाईक धागा. बाजूचे बारके बिंदू कॅननचे चार, निकॉनचे तीन, जागाही वेगवेगळ्या. म्हणून कॅननचा टीटीएल फ्लॅश निकॉनवर आपोआप उजेड मोजत नाही. पण मधला बिंदू जुळला की कुठलाही मॅन्युअल फ्लॅश कुठंही उडतो. मिनोल्टानं 1988 साली निराळाच शू काढला. सोनीकडे तो वारशानं आला आणि 2012 मध्ये सोनी पुन्हा प्रचलित आकाराकडे वळली. इतकी वर्षं टिकलेला हा मधला बिंदू कॅननने 2019 साली 200डी मार्क टू या बॉडीतून काढूनच टाकला. आपल्याकडे पहिला कॅमेरा म्हणून भरपूर खपलेली ही बॉडी. तिच्यावर साधा एका बिंदूचा फ्लॅश किंवा स्टुडिओ लाइटचा स्वस्त ट्रिगर लावला तर काहीच होत नाही. दिवा लागलेला, बॅटरी भरलेली, आणि उजेडाचा पत्ता नाही. त्यावर चालतात ते फक्त कॅननची भाषा बोलणारे फ्लॅश, तेही या बॉडीसाठी जुळवून घेतलेले. ही काटकसर मला आजही चीड आणणारी वाटते.

टीटीएलचं गणित असं: बटण दाबल्यावर खऱ्या फ्लॅशच्या क्षणभर आधी एक हलकी चमक जाते, कॅमेरा तिचा परतलेला उजेड मोजतो आणि मग मोठ्या चमकेचं प्रमाण ठरवतो. डोळ्याला दोन्ही एकच वाटतात. शेंझेनच्या कंपन्या ही भाषाही ऐकून ऐकून शिकल्या. आधी योंगनुओ. कॅननच्या 580 ला समोर ठेवून त्यांचे 560 आणि 568 निघाले; कॅननने 2012 साली 600 नावाचा रेडिओ फ्लॅश आणला, तर त्याच्याशी बोलणारा ट्रिगरही योंगनुओनं काढून दाखवला. मग 1993 पासून धंद्यात असलेल्या गोडॉक्सनं बाजी मारली, आणि ती नक्कल करून नव्हे, बॅटरी बदलून. चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश पूर्ण ताकदीनं उडाला की पुन्हा तयार व्हायला तीन-चार सेकंद घेतो. सेल उतरले की त्याहून जास्त. हार घालण्याचा क्षण तेवढा थांबत नाही. गोडॉक्सच्या व्ही-860 मध्ये लिथियमची बॅटरी आली: दीड सेकंदात तयार, आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे एका चार्जवर साडेसहाशे पूर्ण चमका. मोठ्या जपानी कंपन्या तेव्हा सेलांनाच चिकटून बसल्या होत्या.

आज एका हॉलमध्ये ट्रॅडिशनलवाला, कँडिडवाला आणि मुलीकडचा वेगळा फोटोवाला असे तिघं असतात आणि तिघांकडे गोडॉक्स. सगळ्यांचे ट्रिगर खोक्यातून काढले तसे चॅनल एकवर. मग एकानं बटण दाबलं की दुसऱ्यानं कोपऱ्यात उभा केलेला लाइट उडतो, तो चार्ज होईपर्यंत त्याचा स्वतःचा फोटो काळा. या ट्रिगरमध्ये 32 चॅनल असतात, शिवाय 1 ते 99 पर्यंत आयडी लावता येतो. सकाळी चहाच्या वेळीच आपसांत वाटून घ्यावेत.

फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या खोक्यावरच्या गाइड नंबरला मात्र भुलू नये. 60 हा आकडा फ्लॅशचं डोकं 200 मिमीला झूम करून, म्हणजे उजेड अरुंद झोतात कोंबून काढलेला असतो. तोच फ्लॅश 35 मिमीच्या फैलावाला 36 च्या आसपास येतो. एफ 4 नं भागा: नऊ मीटर. छताला मारून बाउन्स केला आणि दोन स्टॉप गेले तर साडेचार. छत उंच असलं, किंवा मांडवाला गुलाबी कापड असलं, तर उजेडाबरोबर रंगाचीही वाट लागते. त्यात गोडॉक्सचा किंवा कॅननचा दोष नाही; इथं कंपनीचं नाव काहीच मदत करत नाही.

सेकंड हँड घेणाऱ्यांसाठी चार शब्द. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ओळखीतून लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहावं. कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी फंगस धरते, ती समोरून दिसत नाही. माउंटाचे स्क्रू ओरखडलेले असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. छिद्र बंद करून, झूमच्या दोन्ही टोकांना फोटो काढावेत. नवी घेताना फर्मवेअर घरच्या घरी बदलता येतं का ते विचारावं. टॅमरॉनच्या हल्लीच्या बऱ्याच लेन्सना त्यासाठी यूएसबी-सीचं भोक असतं. बॉडीचं फर्मवेअर मात्र हंगामाच्या तोंडावर बदलू नये. आधी लेन्सवाल्यांची सूचना वाचावी, मग बॉडीला हात लावावा. आणि बिल घ्यावं. बिलाशिवाय वाचलेले पैसे दुरुस्तीच्या पहिल्या फेरीत जातात.

तेव्हा माझा कौल असा. सोनी किंवा निकॉन झेड असेल तर टॅमरॉन-सिग्मा बिनधास्त घ्या. कॅनन आरएफ फुल फ्रेम असेल तर बॉडी घेण्यापूर्वीच लेन्सचं बजेट मांडा, कारण तिथं पर्याय कमी आहेत. फ्लॅशला कंपनीचे पैसे मोजण्यात बहुतेकांना काही अर्थ उरलेला नाही. आणि पाडव्याला खरेदी करणार असाल तर स्वतःची बॉडी दुकानात घेऊन जा, लेन्स आणि फ्लॅश तिच्यावरच लावा, दहा-बारा फोटो काढा आणि मगच पैसे द्या.